कमिटीच्या देखरेखीखालचं दूध

साहेब, तुम्ही चुडामण पाटलाला उपाशी मारत होता.

दारूनं मारला असता तर तक्रार नव्हती. माणूस मारणं हा दारूचा धंदाच आहे, आणि तो ती उघड्यावर करते. पण तुम्ही त्याला दुधानं, तुपानं आणि केळ्यांनी मारायला काढला, आणि तेही छापील कागदावर, खाली गोल शिक्का मारून. हा आरोप कोणावर आहे त्याचं नाव इथं लिहायची गरज नाही. ज्याची टोपी असेल त्याच्या डोक्यात ती बरोबर बसेल.

एकोणचाळीस साल. इलाख्यात दारूबंदीचं वारं सुटलं होतं आणि ते पश्चिम खानदेशात तापीकाठच्या सावरखेड्यापर्यंत येऊन पोचलं होतं. सावरखेड्यात चुडामण पाटलाचा कापूस नावाजलेला, केळीची बाग नावाजलेली, आणि तो स्वतः वीस वर्षं दारूसाठी नावाजलेला. त्या वर्षीच्या पोळ्याला त्यानं कहर केला. हातात पूजेचं ताट घेऊन निघाला तो आपल्या बैलांकडे न जाता थेट शेजाऱ्याच्या रेड्याकडे गेला, त्याला ओवाळलं, पुरणपोळी भरवली, आणि त्याच्या गळ्यात पडून रडला. गाव हसलं. बायको धनुबाई हसली नाही. तिनं दुसऱ्या दिवशी सकाळी गाठोडं बांधलं आणि ती प्रकाशा गावी भावाकडे निघून गेली. जाताना उंबऱ्यात उभी राहून म्हणाली,

"चाळीस दिन कोरडा ऱ्हाय. दारूबंदीना सायेबना सही-शिक्काना कागद दखाड. मंग मी येसू. नहीतं मन्हा भाऊनं घर मोठं शे, त्याना म्हशीसनं शेण काढसू, पन आठे येनार नही."

धनुबाईचं बोलणं म्हणजे दगडावरची रेघ. चुडामणनं दोन महिने ती रेघ पुसून पाहिली, दारू ओतून पाहिली, पुसली गेली नाही. शेवटी दिवाळी झाल्यावर एका सकाळी त्यानं मडकं उचललं, उकिरड्यावर फोडलं, आणि तिथंच बसून थरथर कापत राहिला. तीन दिवस त्याला घाम फुटत होता, भिंतीवर मुंग्या दिसत होत्या, अन्नाचा वास सहन होत नव्हता. चौथ्या दिवशी मात्र त्याला भूक लागली. अशी भूक त्याला जन्मात कधी लागली नव्हती. जणू वीस वर्षांचं थकलेलं जेवण पोट एकदम मागायला बसलं होतं.

आणि नेमके त्याच दिवशी तुम्ही आलात, साहेब.

तुम्ही गावात कमिटी नेमली. अध्यक्ष चुनीलाल शेठ, किराणा दुकानवाले. चिटणीस मगन मास्तर, शाळेचे. आणि सभासद दलसिंग जमादार, तुमच्याच दारूबंदी खात्याचे. दारू सोडणारा माणूस सगळ्या तालुक्यात चुडामण एकटाच मिळाला, तेव्हा त्याचा गाजावाजा करायचं ठरलं. त्याला कापसाची सरकी काढायच्या जिनात नेलं आणि मोठ्या काट्याच्या पारड्यात गाठीसारखा बसवला. तोलणाऱ्या करमसिंगनं वजन पुकारलं, "एक मण बावीस शेर!" आणि कोळशानं पत्र्याच्या दारावर लिहून ठेवलं. काटा रिकामा दिसला म्हणून हौसेनं शेठ चढले, मास्तर चढले, जमादार चढला. हसत हसत तुम्हीही चढलात. करमसिंगला सवय अशी, की पारड्यात जे बसेल ते लिहायचं. त्यानं चौघांचंही लिहिलं.

मग तुम्ही तो छापील कागद चुडामणच्या हातात दिलात. 'व्यसनमुक्तास योग्य आहार.' सकाळी दूध अर्धा शेर, केळी दोन, खजूर चार. दुपारी भाकरी, वरण, पालेभाजी, ताजं तूप, ताक. तिसऱ्या प्रहरी गूळ-शेंगदाणे. रात्री पुन्हा दूध, हळद घालून. कागद चांगला होता. खोटं कशाला बोलायचं? कागद लिहिणारा माणूस शहाणा असावा. फक्त तळाशी एक ओळ होती, ती कोणा दुसऱ्याच शहाण्यानं घातली असावी. 'सदर आहार समितीच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली घ्यावा.'

"म्हंजी काय, सायेब?" चुडामणनं विचारलं.

"म्हणजे कमिटीचे लोक रोज तुमच्या घरी येतील, आणि तुम्ही त्यांच्या डोळ्यांसमोर खाल. चाळीस दिवसांनी पुन्हा वजन. वजन वाढलं, की दाखला तुमच्या हातात."

"इतलंच ना?" चुडामण म्हणाला. "खावानं काम माले जमी."

दुसऱ्या दिवशी सकाळी कमिटी हजर. चुडामणच्या घरात त्याची थोरली विधवा बहीण भिकुबाई स्वयंपाकपाणी पाहायची. तिनं अर्धा शेर दूध आटवून पेल्यात ओतलं, दोन केळी ठेवली, चार खजूर ठेवले, आणि ताट ओसरीवर आणलं. चुडामणनं पेल्याला हात घातला, आणि तिथंच थांबला.

समोर तीन माणसं बसली होती. आता तापीकाठच्या घरात ओसरीवर माणूस बसलेला असताना घरधन्यानं एकट्यानं घास तोंडात घालायचा, हे शक्य आहे का? बाप मेला तरी शक्य नाही. त्यापेक्षा शेजाऱ्याच्या रेड्याला ओवाळणं परवडलं. त्यानं पेला शेठसमोर सरकवला.

"ल्या शेठ, दूध ल्या."

"नका नका," शेठ म्हणाले, "आत्तेच जेवीसन ऊनू."

"आसं कसं? घोटभर ल्या."

"पोटमा जागाच नही, चुडामण."

इथं गोष्ट थांबली असती तर बरं होतं. पण आपल्याकडे पहिला नकार हा नमस्कार असतो, दुसरा नकार ही चौकशी असते, आणि तिसऱ्या आग्रहाला नाही म्हणणं म्हणजे भांडण. भिकुबाई दाराआडून म्हणाली, "मन्ही आन शे तुम्हले, शेठ!"

"आते आनच घाली म्हनीसन..." शेठ म्हणाले, आणि दूध एका दमात खाली. मास्तरांना केळी मिळाली. जमादारानं खजूर खाल्ले आणि बिया अंगणात थुंकल्या. मग मास्तरांनी वही काढून लिहिलं, 'सकाळचा आहार समितीसमक्ष घेण्यात आला.' कोणी घेतला हे लिहायला रकाना नव्हता.

दुपारी वरण-भाकरीला तेच. गूळ-शेंगदाण्याला तेच. रात्रीच्या हळदीच्या दुधाला मास्तरांना खोकला होता, म्हणून त्यांना नाही म्हणता येईना. असे आठ दिवस गेले. आठव्या दिवशी तुम्ही आलात, साहेब, तेव्हा भिकुबाईनं खास शिरा केला. तुम्ही तीन वेळा नको म्हणालात आणि चौथ्यांदा वाटी पुढे केलीत. "उत्तम आहार आहे," म्हणालात. तो होताच.

भिकुबाई कमिटीसाठी वाढीव रांधायची, पण कमिटीची भूकही वाढीव होत गेली. घरात एक म्हैस, तिला दोन वेळचं किती दूध येणार? तूप संपलं. केळीचे घड पिकायच्या आत ओसरीवर यायला लागले. भिकुबाई स्वतः पाणी पिऊन झोपायची. चुडामणच्या वाट्याला ताटाखालचा तुकडा यायचा, तोही कमिटी उठल्यावर, आणि कमिटी उठायची ती पुढच्या आहाराची वेळ होत आल्यावर.

शेवटी चुडामणनं बहिणीला बाजूला घेतलं. "मोठीबाई, आजपासून दोनच डाव इचारजो. तिसरा डाव तोंड उघाडू नको. मन्ही आन ते बिलकूलच घालू नको."

भिकुबाईनं कपाळाला हात लावला, पण ऐकलं. त्या दिवशी शेठ दोनदा नको म्हणाले आणि तिसऱ्या आग्रहाची वाट पाहत बसले. तिसरा आग्रह येईना. गोठ्यातली म्हैस रवंथ करताना ऐकू यायला लागली. चुडामणनं डोळे मिटले आणि दूध पिऊन टाकलं. चाळीस दिवसांतला तो त्याचा पहिला पूर्ण पेला. पण तो पचायच्या आत गावभर झालं, "चुडामणना घर दोनच डाव इचारतस! दारूनी त्यानी माणुसकी बी खाई टाकी." संध्याकाळपर्यंत ही बातमी बैलगाडीतून प्रकाशाला पोचली. धनुबाईच्या भावाचा उलटा निरोप आला, 'ज्या घरात पाहुण्याला दोनदाच विचारतात, त्या घरात बहीण पाठवायची की नाही, विचार करावा लागेल.'

झालं. दुसऱ्या दिवसापासून चुडामण आपणहून पाच वेळा विचारायला लागला.

आता माणूस काय करेल? जे चोर करतो तेच करेल. एके दिवशी त्यानं दुधाचा तांब्या धोतराखाली घेतला आणि गोठ्यामागं कडब्याच्या गंजीत शिरला. तोंडाला तांब्या लावतो न लावतो, तोच बाहेरून दलसिंग जमादाराची काठी आत आली.

"कोन शे? बाहेर निंघ! काय शे त्या तांब्यामा?"

"दूध शे, जमादार."

"दूध? दूध कोनी दडीसन पेस का?"

"मंग उघडावर पेवाले तुम्ही देतस का?"

जमादारानं तांब्या हिसकावला. वास घेतला. वासावरून खात्री होईना म्हणून एक घोट घेतला. एका घोटानं सरकारी खात्री होत नसते, म्हणून दुसरा घेतला. तेवढ्यात मास्तर आले. ते म्हणाले, "एकट्याची साक्ष चालत नाही." त्यांनीही खात्री केली. मग शेठ आले. तिघांनी मिळून तांब्याच्या बुडापर्यंत चौकशी केली, आणि मास्तरांनी वहीत लिहिलं, 'इसम कडब्यात लपून द्रवपदार्थ पिताना आढळला. पदार्थ तपासणीत संपला. संशय कायम.'

रिकामं पोट आणि दारूची आठवण, या दोघी सख्ख्या बहिणी. एक आली की दुसरी मागोमाग येतेच. हे तुमच्या छापील कागदावर नव्हतं, साहेब, पण चुडामणच्या आतड्यावर लिहिलेलं होतं. पोटात काही असलं, की दिवस निभायचा. पोट खाली असलं, की हात कापायचे, जीभ कोरडी व्हायची, आणि नाल्यापलीकडच्या मोहाच्या दारूचा वास नाकाला आपोआप यायचा. एकतिसाव्या दिवशी दुपारी त्याचे पाय त्याला न विचारता चालायला लागले. बाग ओलांडली, नाला ओलांडला, आणि तळोद्याच्या वाटेवर रूपलीबाईच्या झोपडीसमोर ते येऊन थांबले.

रूपलीबाई भिल्लाची. वीस वर्षं चुडामण तिच्याच हातची पीत होता. तो एकटा नव्हे. शेठ पीत होते, जमादार पीत होता, आणि मास्तर औषध म्हणून पीत होते. महिन्याभरापूर्वी याच कमिटीनं तिची भट्टी मोडली होती आणि मडकी फोडली होती. ती दारात बसून शेंगा सोलत होती. तिनं चुडामणकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. तिच्या बोलीत ती जे म्हणाली त्याचा अर्थ असा,

"पाटील, मडकी तर तुझ्याच लोकांनी फोडली. आता काय प्यायला आलास?"

चुडामणचे डोळे तिच्या चुलीवर होते.   तव्यावर ज्वारीची भाकर फुगत होती.

रूपलीबाई उठली. तिनं तव्यावरची भाकर आणि टोपलीतल्या दोन पानावर ठेवल्या, वर लाल मिरचीची चटणी घातली, बाजूला उकडलेल्या उडदाची वाटी ठेवली, आणि पान त्याच्यापुढे सरकवलं. एकदाच. विचारलंही नाही. आणि मग तिनं अशी गोष्ट केली, जी तीस दिवसांत कोणी केली नव्हती. ती म्हणाली, "खा. मी लाकडं आणायला जाते," आणि पाठ फिरवून निघून गेली.

चुडामण जेवला. त्यानं दोन भाकरी खाल्ल्या, तिसरी खाल्ली, वाटी बोटानं पुसली. डोळ्यांतून पाणी येत होतं. त्यातलं थोडं चटणीचं होतं. पोट भरलं, हात थांबले, आणि मोहाचा वास आला तसा निघून गेला. त्या दिवशी तो प्यायला नाही, तो त्या तीन भाकरींमुळे.

मग तो दोन-तीन दिवसांआड जायला लागला. पण ही गोष्ट तो कोणाला सांगू शकत नव्हता, आणि का, तेही लिहितो, म्हणजे शहरातल्या वाचणाऱ्यांना कळेल. रूपलीबाईच्या हातची दारू सगळ्या गावाला चालत होती. दारूला विटाळ नसतो. ती अंगात जाते, डोक्यात चढते, संसार बुडवते, पण जात बुडवत नाही. भाकर बुडवते. पाटलानं भिल्लाच्या घरी वीस वर्षं दारू प्यायली तर तो शौकीन. आणि एकदा भाकर खाल्ली तर तो बाटला.

चाळिसावा दिवस उजाडला. जिनाच्या आवारात हीऽ गर्दी. तुम्ही खुर्चीवर, साहेब, पुढे मेज, मेजावर सही-शिक्क्यासाठी तयार दाखला. एका बाजूला प्रकाशाहून आलेली बैलगाडी, आणि गाडीशेजारी पदर ओढून उभी धनुबाई. चुडामणनं तिला दुरून पाहिलं आणि छाती पुढे काढायचा प्रयत्न केला. पुढे काढायला फार काही उरलं नव्हतं.

तो पारड्यात बसला. करमसिंगनं वजनं टाकली, एक काढलं, दुसरं काढलं, आणि हळूच पुकारलं, "एक मण पंधरा शेर."

सात शेर कमी.

गर्दी कुजबुजली. तुम्ही चष्मा काढलात. "हे कसं? वहीत तर चारही वेळचा आहार रोज घेतल्याची नोंद आहे. एवढं खाऊन माणूस वाळतो, याचा अर्थ एकच. हा चोरून पितो."

दलसिंग जमादार पुढे झाला. "सायेब, मी सोता देखेल शे. हाऊ माणूस रूपलीबाईना झोपडामाईन तोंड पुसत बाहेर निंघताना देखना. तीन डाव!"

धनुबाईनं गाडीच्या चाकाला धरलं. चुडामणनं ते पाहिलं. चाळीस दिवस त्यानं ज्या एका गोष्टीसाठी काढले होते, ती गोष्ट गाडीत पाय ठेवायच्या बेतात होती.

"पाटील," तुम्ही विचारलंत, "रूपलीबाईकडे कशासाठी जात होता?"

चुडामणनं एकदा काट्याकडे पाहिलं, एकदा बायकोकडे पाहिलं.

"भाकर खावाले."

 मग चुनीलाल शेठ उसळले.

"भाकर? भिल्लननी भाकर? चुडामण, याडा व्हयना का तू? दारू पिधी आसं म्हन!"

"दारू पिधी नही, शेठ."

"आरे, पिधी म्हन ना, बाप!" शेठ अक्षरशः हात जोडून म्हणाले. "दारू पिधी म्हनशी ते काय, माफी भेटी. भाकर खादी म्हनशी ते वाळीतमा पडशी!"

मास्तर त्याच्या कानाशी लागले. "पाटील, एक घोट प्यालो म्हणा. अर्धा म्हणा. मी वहीत 'किंचित' असं लिहितो."

"नही. भाकरच खादी. तीन भाकरी, मिरचीसंगे."

दारूबंदी कमिटी एका माणसाच्या पाया पडून त्याला दारू पाजत होती, आणि तो प्यायला तयार नव्हता. असा देखावा सगळ्या इलाख्यात झाला नसेल. साहेब, तुम्हीही खाली वाकून म्हणालात, "पाटील, विचार करून बोला. दारूला माझ्याकडे फॉर्म आहे. भाकरीला फॉर्म नाही."

तेवढ्यात धनुबाई चालत पुढे आली. गर्दीनं वाट दिली. तिनं चुडामणच्या तोंडापाशी नाक नेलं आणि लांब वास घेतला. वीस वर्षं रोज संध्याकाळी ती हेच करत आली होती. तालुक्यात तिच्याइतकं जाणकार नाक दुसरं नव्हतं. मग तिनं त्याच्या सदऱ्यावरून बरगड्यांवर हात फिरवला.

"हाऊ पेल माणूस नही," ती म्हणाली. "हाऊ भुक्या शे. घरमा म्हैस, बागमा केळं, आन मन्हा घरना धनी भाकर खावाले नाला वलांडीसन जास? त्यानं दूध कोनी पिधं?"

 उत्तर दिलं ते करमसिंगनं. तो कमी बोलणारा माणूस. त्यानं पत्र्याच्या दाराकडे बोट केलं. "कोळसाना आकडा आजून शेतस. कमिटीले बी तोलू का?"

"आम्हना काय संबंध?" शेठ म्हणाले.

"चढा, शेठ," धनुबाई म्हणाली. "तीन डाव इचारू का?"

गर्दी खदाखदा हसली. गर्दी हसल्यावर मागं सरता येत नाही. शेठ चढले, तेव्हा काट्याच्या साखळ्या कण्हल्या. नऊ शेर जास्त. मास्तर, सहा शेर जास्त. जमादार पाच. धनुबाईनं तुमच्याकडे पाहिलं, साहेब, पण तुम्हाला तेवढ्यात कागद चाळायचे होते.

"ईस शेर!" धनुबाई म्हणाली. "सात शेर मन्हा मालकना. बाकी मन्ही म्हैसना, आन मन्ही नणंदना. देखा तिन्हाकडे, काठी व्हई गयी बिचारीनी!"

शेठ लाल झाले. ज्याला उत्तर नसतं तो धर्म काढतो. ते पारड्यातूनच ओरडले, "ते काहीबी व्हवो! हाऊ बाटेल शे! आजपासून ह्याना घर कोनी पानी पिनार नही!"

"खरं, खरं!" मास्तर म्हणाले.

चुडामण सावकाश उभा राहिला. "पानी बी नही?"

"पानी बी नही!"

"आन दूध?"

"दूध ते नहीच नही!"

"केळं? शिरा?"

"नाव काढू नको! तुन्हा उंबराले कमिटीना पाय लागनार नही!"

चुडामणच्या तोंडावर चाळीस दिवसांत पहिल्यांदा हसू फुटलं. तो बायकोकडे वळला. "चाल व, घर चाल. लवकर चाल, त्यासनं मन बदलाना पयले."

धनुबाई दाखला न घेता घरी आली. तिनं ओसरीवर, भर उजेडात, रस्त्याकडे तोंड करून नवऱ्याला बसवलं आणि अर्धा शेर दूध पुढे ठेवलं. रस्त्यानं मास्तर चालले होते. चुडामणनं पेला उंच केला. "या मास्तर, दूध ल्या!" मास्तर मान खाली घालून भरभर निघून गेले. चुडामणनं दुसऱ्यांदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं, चौथ्यांदाही विचारलं. गावात आता कोणी म्हणू शकत नव्हतं, की त्या घरी दोनदाच विचारतात.

त्यानं तुमच्या कागदातली एक ओळ सोडून बाकी सगळ्या पाळल्या. सकाळी दूध-केळी, दुपारी वरण-भाकरी-भाजी-तूप, मग गूळ-शेंगदाणे. पोट भरलं, तशी नाल्यापलीकडची ती जुनी आठवण दिवसेंदिवस बारीक होत गेली. शेत, म्हैस, बाग. रात्री दूध, मग झोप. भिकुबाईच्या गालावर मांस आलं.

कमिटी मात्र वाळायला लागली. महिन्याभरात शेठ चुडामणच्या दारी आले, अंगणाबाहेर उभे राहिले. आतून तुपाचा वास येत होता.

"चुडामण, झायं ते झायं. जातनं मन मोठं शे. पंचगव्य लई टाक, गावले एक जेवण दी टाक, तुले पावन करी लेतस. मंग कमिटी परत देखरेख सुरू करी."

चुडामण काही बोलायच्या आत धनुबाई बाहेर आली. तिच्या डोक्यावर टोपली होती. टोपलीत केळीचा घड होता.

"कोठे निंघनी?" शेठनी विचारलं.

"रूपलीबाईकडे. आज आईतवार शे. मन्हा मालक दर आईतवारे तठे एक भाकर खातस." ती थांबली आणि जरा विचार करून म्हणाली, "आज मी बी खासू. घर बाटाडनंच शे ते पुरं बाटाडनं बरं. तुम्हनं पावन करानं कितलंबी मोठं व्हवो, आठ दिनना वर टिकू देनार नही."

आणि ती गेली. रूपलीबाईनं भाकर एकदाच पुढे सरकवली आणि दोघी आपापल्या पानात बघत जेवल्या. कोणी कोणाला आण घातली नाही.

होळीनंतर तुम्ही पुन्हा वजन केलंत, साहेब. एक मण एकतीस शेर. तुम्ही टाळ्या वाजवल्यात, दाखला दिलात. धनुबाईनं त्या दाखल्यात शेंगदाणे बांधले. आणि आता तुमचा नवा छापील कागद गावोगाव आलाय. त्यात चुडामण पाटलाचं नाव आहे, आकडा आहे, 'समितीच्या अविरत देखरेखीचे फळ' असं जाड अक्षरात आहे. चुनीलाल शेठांचा सत्कार झाल्याचं आहे. तळाची ती ओळ तर आहेच. आणि आता अक्कलकुव्याकडे, मोलगीकडे, आणखी चाळीस माणसं दारू सोडायला काढलीत म्हणे, आणि त्यांच्यासाठी कमिट्या बसल्या आहेत. भुकेल्या.

म्हणून विचारतो, साहेब, आणि जिनाच्या पत्र्यावर करमसिंगच्या कोळशानं लिहून विचारतो, म्हणजे पुसून टाकता येणार नाही. तुमच्या कागदावर दूध आहे, केळी आहेत, खजूर आहेत, कमिटी आहे. रूपलीबाईची भाकर कितव्या ओळीत आहे?

आणि त्या दिवशी काट्यावर तुम्ही का चढला नाहीत?

उत्तर द्या.